वाय-फाय दिसत नाही? आधी चिपचा नंबर बघा
लॅपटॉपवर लिनक्स : भाग ६

तळेगाव ढमढेरेच्या एका कॉलेजविद्यार्थ्याने कळवलंय : जुना लॅपटॉप घेतला, गेल्या भागात सांगितल्याप्रमाणे लिनक्स मिंट बसवलं, सगळं झकास चालतंय, फक्त वाय-फायची यादीच येत नाही. दुकानदार म्हणतो, कार्ड गेलंय, नवीन टाकू. पैसे देऊ नका, निदान आज तरी. परवापर्यंत विंडोजवर चालणारं कार्ड नेमकं लिनक्स बसवल्याच्या दिवशीच जळेल, असा योगायोग फार क्वचित.

आधी फुकटातली तपासणी. टर्मिनल उघडून 'आरएफकिल लिस्ट' ही कमांड द्या. (इथे देवनागरीत छापतोय, टाकायची मात्र रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान.) वायरलेसपुढे 'हार्ड ब्लॉक्ड : यस' आलं, तर कडेचं बटण किंवा विमानाचं चित्र असलेली की दाबली गेलीय. 'नो' आलं, तर दुसरी कमांड : 'एलएसपीसीआय', एक जागा सोडून 'डॅश एनएनके'. भली मोठी यादी पडेल. त्यात 'नेटवर्क कंट्रोलर' शोधा. त्या ओळीतल्या शेवटच्या चौकटी कंसात जे आहे, ते आपल्या कामाचं. या विद्यार्थ्याने पाठवलेल्या फोटोत तिथे '१४ई४:४३६५' होतं. पहिला भाग कंपनीचा : १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल. (इंटेलने १९७८ सालच्या आपल्या प्रोसेसरचाच नंबर इथे मिरवलाय.) दुसरा भाग चिपचा. खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ नसेल, तर ड्रायव्हर लागलेलाच नाही. ओळ आहे आणि तरी वाय-फाय नाही, तर 'सुडो डीएमईएसजी' देऊन 'फर्मवेअर' हा शब्द असलेल्या तक्रारी शोधा.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांची गल्लत नेहमी होते. २००७ साली कर्जतजवळच्या एका वाडीवरच्या शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजनेतले हिरवे-पांढरे लॅपटॉप मुलांच्या हाती आले. त्यात लिनक्सच होतं. त्यांची रचना अशी, की मुख्य प्रोसेसर झोपलेला असतानाही मार्व्हेल कंपनीची वाय-फाय चिप शेजारच्या लॅपटॉपचे निरोप पुढे पाठवू शकत असे. ते काम चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामचं, तो फर्मवेअर. त्याच्याशी बोलणारा लिनक्समधला भाग म्हणजे ड्रायव्हर. ड्रायव्हर खुला होता. फर्मवेअर मार्व्हेलने खुलं केलं नाही, आणि मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी त्यावर कडक टीका केली. तत्त्व म्हणून ती रास्तच. पण सोसावं लागतं ते वापरणाऱ्याला. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये असं बंद फर्मवेअर वर्षानुवर्षं नसायचं, त्यामुळे बसवतानाच वाय-फाय गायब. २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेतलं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२पासून ते सोबत येऊ लागलं. मिंटमध्ये बहुतेक फर्मवेअर आधीपासूनच असतं.

मग आपल्या विद्यार्थ्याचं कुठे अडलं? त्याची चिप बीसीएम४३१४२. कर्नलमधले खुले ब्रॉडकॉम ड्रायव्हर ती चालवत नाहीत; कंपनीचा बंद 'डब्ल्यूएल' ड्रायव्हर घ्यावा लागतो. तो आणायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी तो हवा, म्हणून मोबाईल केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. मग मिंटच्या मेनूतलं 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडून ब्रॉडकॉमसमोर टिचकी द्या.

त्याने हे सगळं केलं होतं, तरी यश नाही. कारण सिक्युअर बूट, म्हणजे परवानगी नसलेला ड्रायव्हर चालू न देणारी सोय. ते सुरू असेल तर ड्रायव्हर बसताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या वेळी लॅपटॉप चालू होताना एक निळा पडदा येतो. त्यात पहिलाच पर्याय 'कंटिन्यू बूट'. घाईत तोच दाबला जातो आणि ड्रायव्हरला परवानगी मिळतच नाही. दाबायचं असतं 'एनरोल एमओके', मग तो पासवर्ड. पडदा हुकला तर बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करण्याचा मार्ग आहे. पण विंडोजही ठेवलं असेल तर आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) की लिहून घ्या.

रिअलटेकच्या आरटीएल८७२३बीई चिपचं दुखणं वेगळं : वाय-फाय दिसतं, पण राउटरला चिकटून बसलं तरच. काही लॅपटॉपांत अँटेनाची एकच तार जोडलेली असते आणि ड्रायव्हर दुसऱ्याच जोडणीवर ऐकत बसतो. 'एएनटी_एसईएल' हा पर्याय १ किंवा २ करून बघायचा. कोणता लागू पडेल, ते लॅपटॉपवर अवलंबून.

पुढच्या भागात प्रिंटर. तोवर वाय-फायबद्दल लिहायचं असेल, तर 'चालत नाही' एवढंच कळवू नका. नेटवर्क कंट्रोलरची ती ओळ आणि तिच्या खालच्या दोन-तीन ओळी जशाच्या तशा उतरवून पाठवा.