पाय सुजले, म्हणून गोळी बंद?

गेल्या पावसाळ्यात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी दवाखान्यात आल्या. पाय सुजू लागले म्हणून त्यांनी रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केली होती. सूज उतरली, रक्तदाब मात्र १८०/१०० वर गेला होता आणि जिना चढताना छातीत पुन्हा दाटून येऊ लागले होते.

त्यांची गोळी होती ॲम्लोडिपिन. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ती असेल. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायूंना आकुंचनासाठी कॅल्शियम लागते. ते पेशींत शिरण्याची वाट हे औषध काही अंशी रोखते. वाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि हृदयावरील भार हलका होतो. हाडांतील कॅल्शियम मात्र यामुळे घटत नाही.

मग सूज का येते? सूक्ष्म धमन्या रुंदावतात, शिरा तितक्या रुंदावत नाहीत. त्यामुळे द्रव घोट्याभोवती झिरपतो. ही सूज सहसा दोन्ही पायांवर येते, संध्याकाळी वाढते आणि १० मिलिग्रॅमच्या मात्रेत अधिक आढळते. शरीरात पाणी साठल्यामुळे ती येत नसल्याने लघवीच्या गोळीने फारशी हटत नाही. अशा वेळी डॉक्टर मात्रा कमी करतात, टेल्मिसार्टनसारखे औषध जोडीला देतात किंवा औषधच बदलतात. मात्र सूज एकाच पायावर असेल, पाय दुखत असेल किंवा धाप लागत असेल, तर त्याच दिवशी तपासून घ्यावे.

रुग्णाची काळजी घेणाऱ्यांनी गोळीची वेळ ठरवून द्यावी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या देऊ नयेत. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ॲम्लोडिपिन छातीतील दुखणे पुन्हा उद्भवू नये यासाठी असते, सुरू झालेली कळ ते तत्काळ थांबवत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी जिभेखाली ठेवण्यास दिलेली गोळी रुग्णाला बसवून द्यावी. पाच मिनिटांत आराम न पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

त्या आजींची मात्रा आम्ही निम्मी केली आणि जोडीला दुसरे औषध दिले. महिन्याभरात रक्तदाब आटोक्यात आला, सूजही नावापुरतीच उरली. तक्रार त्यांनी आठवडाभर आधी सांगितली असती, तर छातीतले ते दाटणे कदाचित टळले असते. आपले पाय सुजले, तर डॉक्टरांना अवश्य सांगा. गोळी मात्र आपल्या मनाने थांबवू नका.