पुलिकत : वाळूच्या दांड्याआडचे पाणी

श्रीहरिकोटाहून अग्निबाण झेपावतो तेव्हा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर धुराचे लोट, ज्वाळांचा झोत आणि पलीकडे पसरलेला बंगालचा उपसागर दिसतो. समुद्राच्या नेमक्या उलट दिशेला, पश्चिमेकडे काय आहे, ते मात्र सहसा दिसत नाही. तिथेही पाणीच आहे. उथळ, मचूळ आणि बहुतेक वेळा निश्चल. हेच पुलिकतचे सरोवर. श्रीहरिकोटा हे बेट ओळखले जाते ते अवकाश केंद्रामुळे, पण ते घडले आहे समुद्र आणि हे सरोवर यांच्यामध्ये साचलेल्या वाळूतून. ही वाळू नसती तर बेटही नसते आणि सरोवरही नसते. आज याच वाळूमुळे सरोवराच्या अस्तित्वापुढे प्रश्न उभा राहिला आहे.

चेन्नईच्या उत्तरेस सुमारे साठ किलोमीटरवर पुलिकत हे गाव आहे. तमिळमध्ये त्याला पळवेरकाडू म्हणतात. इथून उत्तरेकडे जवळजवळ साठ किलोमीटरपर्यंत सरोवराचे पाणी पसरले आहे. दक्षिणेकडचा लहानसा भाग तमिळनाडूच्या तिरुवळ्ळूर जिल्ह्यात येतो. उरलेला बहुतांश विस्तार आंध्र प्रदेशात आहे. चिल्काखालोखाल भारतातील सर्वांत मोठे मचूळ पाण्याचे खाजण म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. भरतीच्या वेळी त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४६० चौरस किलोमीटर भरते, तर ओहोटीला ते २५० चौरस किलोमीटरपर्यंत आक्रसते. यावरूनच ते किती उथळ आहे याची कल्पना यावी. त्याची सरासरी खोली जेमतेम एक मीटर आहे.

खाजण कसे घडते?

कोकणात खाजण म्हटले की खाडीकाठची, भरतीचे पाणी शिरणारी जमीन डोळ्यांपुढे येते. भूगोलात मात्र समुद्रापासून वाळूच्या दांड्याने अलग झालेल्या उथळ जलाशयाला खाजण म्हणतात. शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढत गेली आणि सुमारे सहा-सात हजार वर्षांपूर्वी ती बरीचशी स्थिरावली. त्यानंतर लाटा आणि किनाऱ्याला समांतर वाहणारे प्रवाह यांनी आणलेली वाळू सखल किनाऱ्यापुढे साचू लागली. हळूहळू तिचे दांडे तयार झाले आणि त्यांच्याआड समुद्राचे पाणी कोंडले गेले. पूर्व किनाऱ्यावरील अशा खाजणांचे पुलिकत हे ठळक उदाहरण होय.

हे कोंडणे पूर्ण नसते, आणि खाजणाचे सारे जीवन त्या अपुरेपणावरच अवलंबून असते. वाळूच्या दांड्यात कुठे तरी फट राहते. तेच खाजणाचे मुख. पुलिकतला अशी तीन मुखे आहेत : दक्षिणेला पळवेरकाडूजवळ, मध्ये रायदोरुवू येथे आणि उत्तरेला तुपिलीपालेमजवळ. जमिनीच्या बाजूने आरणी, कालंगी आणि स्वर्णमुखी या नद्या गोडे पाणी आणतात, तर मुखांतून खारे पाणी आत येते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस पडतो, नद्या भरून वाहतात आणि खाजणाचे पाणी गोडसर होते. उन्हाळ्यात नद्या आटतात, बाष्पीभवन वाढते आणि काही भागांत पाण्याचा खारटपणा समुद्रालाही मागे टाकतो. एकाच जलाशयात वर्षभरात होणाऱ्या या पालटावर कोळंबी, बोय आणि खेकडे यांचे जीवनचक्र बेतलेले आहे. समुद्रात जन्मलेली कोळंबीची पिले मुखातून आत येतात, खाजणाच्या उबदार, अन्नसमृद्ध पाण्यात वाढतात आणि प्रजननासाठी पुन्हा समुद्राकडे परततात. साहजिकच मुख बंद झाले की ही ये-जा थांबते.

मुख उघडे ठेवते ते पाण्याचे जाणे-येणे. या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक एक मीटरच्या आसपासच असतो. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी तो चार मीटरच्याही वर जातो. पुलिकतची भरती अशी दुबळी असल्यामुळे मुखातली वाळू लोटून देण्याचे काम मुख्यतः पावसाळी पुरांना करावे लागते. दुसरीकडे, वर्षातला बराच काळ किनाऱ्याजवळचे प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे वाळू वाहून नेत असतात. पूर जोरात आला तर पाण्याची सरशी होते. पाऊस कमी झाला, नद्यांचे पाणी वरच अडवले गेले, की वाळूची सरशी होते.

कापड, तोफा आणि गुलाम

उघड्या, लाटांनी झोडपल्या जाणाऱ्या कोरोमंडल किनाऱ्यावर नैसर्गिक बंदरे नाहीतच. त्यामुळे वाळूच्या आडचे हे शांत पाणी व्यापाऱ्यांना मोलाचे वाटले. विजयनगरच्या काळात पुलिकत हे साम्राज्याचे महत्त्वाचे बंदर होते. इथून सुती कापड मलाक्का आणि आग्नेय आशियात जाई. मलय भाषेत चौकड्यांच्या लुंगीच्या कापडाला आजही ‘काइन पेलिकात’ म्हणतात. मेक्सिकोत डोक्याला वा गळ्याला बांधायच्या रुमालाला ‘पालियाकाते’ म्हणतात. तो शब्दही पुलिकतवरूनच आल्याचे मानले जाते.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज इथे आले. त्यांच्यामागून डच आले आणि १६१० मध्ये त्यांनी विजयनगरचा राजा दुसरा वेंकट याच्याकडून व्यापाराची परवानगी मिळवली. १६१२ मध्ये पोर्तुगिजांनी हल्ला करून डचांची वखार उद्ध्वस्त केली, तेव्हा १६१३ मध्ये तिथे किल्ला उभा राहिला. नेदरलँड्समधील गेल्डरलँड प्रांतावरून त्याचे नाव ठेवण्यात आले गेल्ड्रिया. १६९० मध्ये कारभार नागपट्टणमला हलेपर्यंत डचांच्या कोरोमंडल किनाऱ्यावरील व्यापाराचे हे मुख्य ठाणे होते. मसाल्यांच्या बेटांवर लवंग आणि जायफळ खरेदी करायचे तर तिथे रोख रकमेपेक्षा कोरोमंडलच्या कापडाला अधिक मागणी होती. त्यामुळे डचांच्या मसाला व्यापाराचा एक पाय पुलिकतमध्ये रोवलेला होता. इथे दारूगोळ्यासाठी बारूदही तयार होत असे.

याच मार्गाने माणसेही विकली गेली. दुष्काळ आणि युद्धांनी नागवलेल्या लोकांना विकत घेऊन डच जहाजे बटाव्हियाकडे, म्हणजे आजच्या जाकार्ताकडे नेत. कर्नाटकच्या मोहिमेवर असताना १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी डचांना व्यापाराचा कौल दिला, तेव्हा आपल्या मुलखात स्त्री-पुरुषांची गुलाम म्हणून खरेदी-विक्री करण्यास त्यांनी मनाई केली होती. हा कौल आणखी दक्षिणेकडच्या ठाण्यांबाबत होता. तथापि तो ज्या डच कंपनीला दिला गेला, तिचा या किनाऱ्यावरील कारभार त्या वेळी पुलिकतहूनच चालत असे.

चेन्नई शहराच्या जन्माशीही या खाजणाचा संबंध आहे. १६२० च्या दशकात इंग्रजांनी पुलिकतमध्ये डचांच्या शेजारी व्यापार करून पाहिला; पण डचांच्या वर्चस्वापुढे त्यांचे काही चालले नाही. पुढे त्यांनी खाजणाच्या उत्तर टोकाजवळ, दुर्गराजपट्टणम येथे वखार घातली. तीही पुरेशी फायद्याची ठरली नाही. अखेर १६३९ मध्ये फ्रान्सिस डे याने दक्षिणेकडे मद्रासची जागा मिळवली. पुलिकतमध्ये पाय रोवता न आल्यामुळे निवडलेली ही जागा पुढे महानगर झाली आणि पुलिकत मागे पडले. १८२४ च्या इंग्रज-डच करारानुसार १८२५ मध्ये ते इंग्रजांच्या ताब्यात गेले. आज किल्ल्याच्या जागी झाडोऱ्याने वेढलेले अवशेष उरले आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने संरक्षित केलेल्या डच दफनभूमीच्या दाराशी मात्र दगडात कोरलेले दोन सांगाडे अजूनही उभे आहेत.

महानगराचे परसदार

यापुढे खाजणाचे वेळापत्रक शहराच्या गरजांनी ठरू लागले. १८०६ मध्ये मद्रास ते एन्नोर असा कालवा झाला. तो टप्प्याटप्प्याने उत्तरेकडे वाढत गेला आणि १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात रोजगाराचे काम म्हणून त्याचे अपुरे दुवे जोडण्यात आले. गव्हर्नरच्या नावावरून तो बकिंगहॅम कालवा झाला. पुलिकतच्या पाण्यातून जाणाऱ्या या जलमार्गाने श्रीहरिकोटाच्या जंगलातले सरपण मद्रासच्या चुली पेटवण्यासाठी येत असे.

१९६९ मध्ये उपग्रह प्रक्षेपणासाठी श्रीहरिकोटाची निवड झाली. पूर्वेला खुला समुद्र, विषुववृत्ताशी जवळीक आणि विरळ वस्ती ही त्यामागची कारणे. १९७१ मध्ये पहिला लहान अग्निबाण उडाला आणि १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. बेटावर राहणाऱ्या यानादी आदिवासींपैकी अनेकांना त्यासाठी जागा सोडावी लागली. सुल्लुरुपेटाहून बेटाकडे जाणारा रस्ता खाजणातून भराव घालून नेलेला आहे. या भरावाने उत्तर आणि दक्षिण भागांतील पाण्याचा मोकळा प्रवाह अडवला. जंगलाच्या दृष्टीने मात्र अवकाश केंद्राची बंदी वरदान ठरली. बाहेरच्यांना मज्जाव असल्यामुळे बेटावरची झाडी बऱ्याच प्रमाणात टिकून राहिली.

हिवाळ्यात याच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हजारो रोहित पक्षी उतरतात. वाकडी चोच उलटी करून चिखलातले सूक्ष्म जीव गाळून खाणाऱ्या या पक्ष्याला गुडघाभर पाणीच लागते. खोली थोडी वाढली वा पाणी पार आटले, तरी तो निघून जातो. जवळच्या नेलपट्टू येथे झोळीवाले पेलिकन घरटी करतात. आंध्र प्रदेशाने १९७६ मध्ये आणि तमिळनाडूने १९८० मध्ये खाजणाचा आपापला भाग पक्षी अभयारण्य म्हणून घोषित केला. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोळंबी संवर्धनाच्या व्यापारी तळ्यांवर निर्बंध घालताना चिल्का आणि पुलिकत यांच्यापासून एक हजार मीटरच्या आतील तळी हटवण्याचा आदेश दिला.

पाडू : पाण्याची पाळी

खाजणाच्या दक्षिण भागातील पट्टिनवर समाजाच्या मच्छीमारांनी पाण्याच्या वाटपाची स्वतःची पद्धत शतकानुशतके सांभाळली आहे. तिला ‘पाडू’ म्हणतात. मुखाजवळच्या प्रवाहात कोळंबी अधिक मिळते. मुखापासून दूर ती कमी होते. एकाच कुटुंबाने चांगली जागा कायमची बळकावू नये म्हणून जागा चिठ्ठ्या टाकून आणि पाळीपाळीने वाटल्या जातात. आज चांगल्या जागी जाळे लावणारा उद्या कमी प्रतीच्या जागी जातो. कोणी, कुठे, केव्हा जाळे लावायचे हे ठरलेले असल्यामुळे भांडणे कमी होतात आणि मासेमारीला मर्यादाही राहते.

ही व्यवस्था सर्वांना सारखी न्याय्य आहे, असे नाही. तिच्यात वाटा मिळतो तो विशिष्ट जातीच्या आणि गावच्या पुरुषांना. इरुळर आदिवासी स्त्रिया उथळ पाण्यात उतरून हाताने कोळंबी वेचतात, पण पाडूच्या यादीत त्यांचे नाव नसते. मासळी कमी होऊ लागली की आत असलेले आणि बाहेर राहिलेले यांच्यातला ताणही वाढतो. मात्र इरुळर स्त्री असो वा पट्टिनवर मच्छीमार, मुख बुजले की दोघांचीही टोपली रिकामी राहते.

वाळूचा हिशेब

मुख का बुजते, याचे उत्तर केवळ पुलिकतमध्ये मिळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रासला बंदराच्या भिंती समुद्रात गेल्या, तेव्हा दक्षिणेकडून येणारी वाळू त्यांच्यापाशी अडली. त्यातून मरीनाची रुंद पुळण वाढली. उत्तरेकडे रोयापुरमचा किनारा मात्र वाळूअभावी खचत गेला. पुढे एन्नोरचे बंदर २००१ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतर काट्टुपळ्ळीचे. किनाऱ्यावरची प्रत्येक भिंत वाळूचा हिशेब बदलते : एका बाजूला साठा, दुसऱ्या बाजूला धूप. काट्टुपळ्ळी बंदराच्या विस्ताराची योजना पुढे आली, तेव्हा पुलिकतच्या मच्छीमारांनी तिला विरोध केला, तो याच अनुभवामुळे. समुद्र आणि खाजण यांच्यामधला दांडा इथे मुळातच अरुंद आहे. तो धुपला तर खाजण उघडे पडेल आणि दुसरीकडे वाळू साचली तर मुख मिटेल, अशी ही दुहेरी भीती आहे.

त्यात शहराच्या उद्योगांची भर पडते. एन्नोरची खाडी बकिंगहॅम कालवा आणि मधल्या खाऱ्या पाण्याने पुलिकतशी जोडलेली आहे. औष्णिक वीज केंद्रांची राख आणि गरम पाणी या खाडीने अनेक वर्षे सोसले. डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या पुरानंतर याच खाडीत तेलाचा तवंग पसरला आणि मासेमारी ठप्प झाली.

उन्हाळ्यात मुख बुजले की मच्छीमार स्वतः वाळू उपसून ते मोकळे करण्याचा प्रयत्न करीत. अलीकडच्या वर्षांत तमिळनाडू सरकारने पळवेरकाडूच्या मुखाच्या दोन्ही बाजूंना दगडी बांध घालून ते कायम उघडे ठेवण्याचे काम हाती घेतले. मच्छीमारांची ही जुनी मागणी होती. परंतु जो नियम बंदराच्या भिंतींना लागू पडतो, तोच या बांधांनाही लागू पडतो. मुखाच्या उत्तरेस वाळू कमी पडणार नाही ना, यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागेल. शिवाय मुख उघडे राहिले, पण नद्यांतून गोडे पाणीच आले नाही, तर खाजणाचे केवळ समुद्राचे उथळ फाटे होतील.

भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने खाजणे अल्पायुषीच असतात. नद्यांचा गाळ आणि समुद्राची वाळू त्यांना आज ना उद्या भरून काढतात. पुलिकतचाही शेवट कधी तरी असाच होईल. प्रश्न त्याच्या गतीचा आहे. निसर्गाला ज्यासाठी हजारो वर्षे लागली असती, ते माणसाच्या हयातीत घडणार का, याचे उत्तर दोन राज्यांच्या कारभारावर, नद्यांवरच्या बंधाऱ्यांवर आणि महानगराच्या किनाऱ्यावर पुढे उभ्या राहणाऱ्या भिंतींवर अवलंबून आहे. पाडूच्या पद्धतीने मच्छीमारांनी आपल्या वाट्याच्या पाण्याची मर्यादा केव्हाच मान्य केली आहे. बंदरे, धरणे आणि रस्ते आखणाऱ्यांना ती अजून मान्य करायची आहे.