दादीचा मध आणि बाळाची पहिली ईद

माझ्या भाचीला मुलगा झाला, त्या दिवशी तिच्या सासूबाई दवाखान्यात मधाची बाटली घेऊन आल्या. बाळाला चाटवायला बोट पुढे केलं, तोच नर्सने अडवलं. "माझ्या सहाही मुलांना चाटवला, कुणाला काय झालं? कुरआनात मधाला शिफा म्हटलंय," असं म्हणत त्या रुसून बाकावर जाऊन बसल्या.

त्यांचा सवाल प्रामाणिक होता. सूरह नहलमध्ये मधात लोकांसाठी शिफा असल्याचा उल्लेख आहेच. पण औषधसुद्धा वय पाहूनच देतात. मधात कधी कधी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात ते सहसा रुजत नाहीत; वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र वाढून विष तयार करू शकतात. मग शी होत नाही, बाळ मान टाकतं, दूध ओढायची ताकद जाते, श्वासही अडकू शकतो. हा आजार दुर्मीळ आहे, म्हणूनच ती सहा मुलं सुखरूप वाढली. मध उकळूनही धोका जात नाही. वर्षभर तो बोटावर नको, चोखणीला लावूनही नको.

मग तहनीकचं काय? हजरत अस्मा (रजि.) यांचे पुत्र अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) जन्मले, तेव्हा प्रेषितांनी (स.) खजूर चावून त्यांच्या टाळूला लावला आणि बरकतीची दुआ केली, असं सहीह बुखारीत आहे. टाळूला लावण्यापुरता खजूर, एवढंच. भाचीचं बाळ पूर्ण दिवसांचं, धडधाकट होतं. डॉक्टरांना विचारलं, हात साबणाने धुतले आणि मऊ खजुराचा गर बोटाच्या टोकावर जेमतेम घेऊन टाळूला लावला. बोट अर्थातच दादीचं!

पुढे सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. त्यानंतर केळं, चिकू, नाचणीच्या खिरीत भिजवून कुस्करलेला खजूर. साखर दोन वर्षांपर्यंत नकोच, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. सूरह बकरामध्ये दूध पाजण्याची पूर्ण मुदतही दोनच वर्षांची आहे, हे मला फार आवडतं. गूळ आणि खडीसाखर यांनाही इथे सवलत नाही. पहिलीच्या वर्गात किडून काळे पडलेले पुढचे दात मी दरवर्षी बघते. कुणाला रात्री गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवलेलं असतं, तर कुणाचं रडणं बिस्किटाने थांबवलेलं असतं.

खरी परीक्षा ईदला असते. घरी येणारा प्रत्येकजण बाळाच्या तोंडात चमचा घालू पाहतो. नातू आठ महिन्यांचा असताना ईद आली. दादीने शीरखुर्म्यात साखर पडायच्या आधीच दूध-शेवया वाटीभर बाजूला काढल्या, शेवया पार मऊ कुस्करल्या आणि त्यात खजूर घोटला. पिस्ता-चारोळीचा तुकडा घशात अडकतो, म्हणून तोही टाळला. दुपारी शेजारची खाला चमचा घेऊन पुढे आली, तेव्हा दादी म्हणाल्या, "थांब, त्याची वाटी वेगळी आहे."