मानेवरचीं तीन अक्षरें

लांब भिंग विकत घेतलें म्हणजे दूरचा पक्षी जवळ येतो अशी पुष्कळांची समजूत असते. माझीहि होती. ती कशी गेली तें सांगितल्यानें, ज्यांच्या घरीं मुलें-नातवंडें असल्या खरेदीच्या बेतांत आहेत त्यांचे कांहीं रुपये वांचतील, एवढ्याच हेतूनें हें लिहितों.

भीमा नदीवर उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याचा फुगवटा भिगवणच्या बाजूस दूरवर पसरला आहे; पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें सुमारें शंभर किलोमीटर. हिवाळ्यांत तेथें पट्टकादंब उतरतात. राखी अंग, पांढरें डोकें आणि डोक्याच्या मागच्या अंगास दोन काळे आडवे पट्टे, अशी या हंसाची खूण. तिबेट व मंगोलियाकडील सरोवरांच्या कांठीं त्यांची वीण होते आणि हिमालय ओलांडून ते आपल्याकडे येतात. मेघदूत शिकवितांना मानस सरोवराकडे निघालेले हंस मीं तीस वर्षें फळ्यावर खडूनें काढून दाखविले. हिमालय लंघून आलेला पक्षी स्वतः पाहिला तो मात्र सेवानिवृत्तीनंतर.

गेल्या माघांत या थव्यांतील एका पक्ष्याच्या मानेभोंवतीं हिरवा पट्टा दिसला, त्यावर पांढरीं अक्षरें. संशोधक असे पट्टे पक्ष्यांना घालून सोडून देतात. अक्षरें कोणीं वाचून कळविलीं तर तो पक्षी कोठें व केव्हां धरला होता याचा पत्ता लागतो. १८८३ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें १९५९ पासून पक्ष्यांच्या पायांत वाळीं घालण्याचें मोठें काम केलें आहे. पण पायांतलें बारीक वाळें वाचण्यास बहुधा पक्षी हातीं यावा लागतो, मानेवरचा पट्टा दुरून वाचतां येतो. म्हणजे येथें छायाचित्र ही दिवाणखान्यांत टांगण्याची वस्तु नव्हे. अक्षर वाचलें तर नोंद झाली. न वाचलें तर त्या पाखराचा एवढा प्रवास कोणाच्या वहींत चढला नाहीं.

माझ्याजवळ नातवानें दिलेला लहान सेन्सरचा कॅमेरा, ४०० मिलिमीटरचें भिंग आणि दुप्पट करणारा टेलिकन्व्हर्टर होता. अंतर मागाहून नकाशावर मोजलें तें १५० मीटर भरलें. वेळ सकाळीं अकराची. साठ-सत्तर चित्रें घेतलीं आणि घरीं येऊन पडद्यावर मोठीं करून पाहतों तों हिरव्या पट्ट्यावर पांढरी खीर सांडल्यासारखें दिसत होतें!

मग मी शिकावयास बसलों. पहिली गोष्ट सेन्सरची. जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरांचा असतो, माझा १७.३ × १३ चा, म्हणजे लांबींत निम्म्याहून किंचित् कमी. त्यामुळें त्यावर ४०० चें भिंग ८०० सारखें चालतें, असें दुकानदार सांगतो. हें अर्धसत्य आहे. भिंगानें पाडलेली प्रतिमा आहे तेवढीच राहते, सेन्सर लहान म्हणून तिच्या कडा गळतात इतकेंच. भिंतीवरच्या मोठ्या तसबिरीवर लहान चौकट धरली तर आंतला चेहरा मोठा होत नाहीं. खरा लाभ निराळा आहे. अशा सेन्सरवरचे पिक्सेल बहुधा बारीक असतात. माझ्या दोन कोटी पिक्सेलांच्या सेन्सरवर एकेक सुमारें ३.३ मायक्रॉनांचा, म्हणजे मिलिमीटरचा तीनशेंवा भाग. त्यामुळें त्याच प्रतिमेंतला तपशील अधिक बारकाईनें टिपला जातो. शिवाय सामान हलकें, आणि साठी उलटलेल्या खांद्याला हा गुण लहान नव्हे.

टेलिकन्व्हर्टर म्हणजे कॅमेरा व मुख्य भिंग यांच्या मध्यें बसणारें छोटें भिंग. तें प्रतिमा १.४ पट किंवा दुप्पट करतें. परंतु पुढच्या भिंगाचें तोंड कांहीं मोठें होत नाहीं. आंत येणारा तोच उजेड अधिक जागेवर पसरतो. १.४ पटीच्यानें तो निम्मा होतो, दुप्पटीच्यानें एकचतुर्थांश. सेकंदाच्या दोन हजाराव्या भागांत निघणारें चित्र पांचशेंव्या भागांत काढावें लागतें आणि तेवढ्यांत हंस मान हलवितो. उजेड कमी झाल्यानें कॅमेऱ्याचा फोकसहि चांचपडूं लागतो.

याहून मोठी अडचण विवर्तनाची. प्रकाश छिद्रांतून जातांना किंचित् फांकतो, म्हणून टिंबाची प्रतिमा टिंब न राहतां ठिपका होते. माझ्या भिंगाचें छिद्र पुरें उघडलें तरी एफ ६.३ च, तेथें हा ठिपका सुमारें ८.५ मायक्रॉनांचा. दुप्पट टेलिकन्व्हर्टर लावतांच तो १७ चा होतो. आतां त्रैराशिक मांडा. पट्ट्यावरचें अक्षर दोन सेंटिमीटर उंच धरलें तर १५० मीटरांवरून ४०० च्या भिंगांत त्याची प्रतिमा ५३ मायक्रॉन उंच पडते. म्हणजे तिच्या उंचींत सहा ठिपके मावतात. टेलिकन्व्हर्टर लावला कीं प्रतिमा १०६ मायक्रॉनांची, पण ठिपकाहि दुप्पट. मावले ते सहाच! पडद्यावर अक्षर मोठें दिसलें, त्यांतलें ज्ञान मात्र वाढलें नाहीं. तेंच उघडें भिंग ७५ मीटरांवर नेलें तर बारा ठिपके मावतात.

टेलिकन्व्हर्टर निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. ३०० मिलिमीटरचें एफ ४ चें उत्तम भिंग असेल तर त्याचा ठिपका साडेपांच मायक्रॉनांच्या आंत असतो, तेथें १.४ पटीचा लावून खरोखर कांहीं मिळतें. माझ्यासारख्या लहान तोंडाच्या भिंगावर दुप्पट करणारा लावणें म्हणजे ताकांत पाणी घालणें.

आणि हवा? ती कोणत्याच दुकानांत विकत मिळत नाहीं. ऊन चढलें कीं चिखलावरची तापलेली हवा हेलकावते आणि तिच्यामागचा पक्षी थरथरतो. अकराच्या सुमारास मी हंसाचें नव्हे, मरीचिकेचें छायाचित्र काढीत होतों. सूर्य उगवल्यापासून पहिला तास-दीड तास हवा बरीच शांत असते.

मधल्या काळांत नातवानें एक चमत्कार केला. तीं अस्पष्ट चित्रें त्यानें संगणकावरच्या तीक्ष्ण करणाऱ्या नव्या यंत्रबुद्धीच्या हवालीं केलीं, आणि एका चित्रांत स्वच्छ रेखीव ८ उमटला. "आजोबा, वाचलं कीं हो!" म्हणून तो ओरडला. मीं त्याला दुसरें चित्र द्यावयास सांगितलें. त्यांत तितकाच स्वच्छ बी निघाला. पक्षी एक, पट्टा एक, अक्षरें दोन. न दिसणारें लिहून काढणाऱ्या विद्यार्थ्याला मीं कधीं गुण दिले नाहींत; संगणकाला तरी कां द्यावे? आकडा कळविला नाहीं.

पुढच्या आठवड्यांत पुन्हां गेलों, या वेळीं उजाडतांना. टेलिकन्व्हर्टर घरीं ठेविला. नावेंत तिपाई उपयोगाची नाहीं, कारण नावच हलते. म्हणून भिंग टेकविण्यास तांदळाची पिशवी घेतली. आंबेमोहोर देण्यास सूनबाईंनीं साफ नकार दिला, रेशनचा तांदूळ मिळाला. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवलें. नावाडी जातीनें मोठा जाणता. "मान वर झाली का थांबायचं, गुर्जी," असें त्यानें निघतांनाच बजावलें. एका हंसाचीहि मान वर झाली कीं तो वल्हें पाण्याबाहेर उचलून स्वस्थ बसे. माना पुन्हां खालीं गेल्या म्हणजे चार हात पुढें. अशा रीतीनें पाऊण तास लागला. थवा उडाला असता तर शेंकडों कोस चालून आलेल्या त्या जीवांची सकाळची चरणी माझ्या हौसेपायीं मोडली असती.

अदमासें सत्तर-ऐंशी मीटरांवर आम्ही थांबलों. पट्टेवाला हंस आडवा झाला. चाळीस चित्रें घेतलीं. त्यांतील सहांत पहिलीं दोन अक्षरें इतकीं स्पष्ट कीं नातवानें व मीं वेगवेगळ्या कागदांवर लिहिलीं तरी तींच आलीं. तिसऱ्यावर वाळलेला चिखल होता.

दोन अक्षरें, तारीख आणि जागा लिहून ठेविली आहे. फाल्गुनांत हंस निघून गेले. येत्या मार्गशीर्षासाठीं नावाड्याला सांगून ठेविलें आहे.