चढणीवर भरलेली गाडी पुढें कशी काढावी

आपला शेतमाल आतां बहुधा बैलगाडीनें नव्हे, तर पिकअपनें किंवा टेंपोनें बाजारास जातो. वसई-पालघरकडील भाजीपाला ठाण्यास नेणारा शेतकरी वरसावे येथें खाडीवरील पूल ओलांडून घोडबंदर रस्त्यास लागतो. मीरा-भाईंदरची हद्द संपून ठाण्याची सुरू होते, त्या सुमारास गायमुखचा घाट येतो. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस खाडी, व पुढें-मागें अवजड मालमोटारींची रांग. अशा जागीं चढावर थांबलेली भरली गाडी पुन्हां पुढें काढणें, हें हांकणाऱ्याच्या कौशल्याची खरी कसोटी होय.

यांतील धोका वाचकांनीं हिशेबानें पाहावा. बारा फुटांस एक फूट असा चढ असला व मालासह गाडीचें वजन २४०० किलो असलें, तर सुमारें २०० किलोंचा ओढा तिला सतत मागें खेंचीत असतो. गाडी दोन हात घसरली तरी मागील मोटारसायकलवाल्याच्या प्राणाशीं गांठ पडते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १५ व्या नियमानें परवान्याच्या परीक्षेंत तीव्र चढावर गाडी थांबवून, ती मागें न घसरूं देतां, पुन्हां सुरू करण्याची कसोटी घातली आहे, ती याचसाठीं.

क्लच म्हणजे एंजिन व चाकें यांना जोडणारा व तोडणारा दुवा. पेडल दाबलें कीं दुवा तुटतो. हळूहळू सोडलें कीं तबकड्या एकमेकींस धरूं लागतात. चढावर बैलगाडी थांबली म्हणजे गाडीवान चाकामागें दगड लावी, व बैलांनीं जूं ओढून धरल्यावांचून तो काढीत नसे. येथें हातब्रेक हा दगड, व एंजिन हे बैल, इतकें ध्यानीं धरलें म्हणजे पुढील कृति सहज समजेल.

प्रथम हातब्रेक घट्ट ओढावा. क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर घालावा. उजव्या पायानें ॲक्सिलरेटर थोडा दाबावा. माल अधिक असल्यास किंचित् जास्त. मग क्लच अगदीं सावकाश वर येऊं द्यावा. एंजिनाचा आवाज जड झाला व गाडी पुढें जाऊं पाहते असें वाटलें, कीं पाय तेथेंच स्थिर ठेवून हातब्रेक सोडावा. गाडी जागीं ठरली कीं ॲक्सिलरेटर वाढवीत क्लच पूर्ण सोडावा. हातब्रेक आधीं सोडल्यास गाडी घसरते. क्लच एकदम सोडल्यास एंजिन बंद पडतें.

एंजिन बंद पडल्यास घाबरूं नये. पायाचा ब्रेक घट्ट दाबून धरावा, हातब्रेक ओढावा, व मगच पुन्हां सुरुवात करावी. बंद एंजिनावर पायाचा ब्रेक दोन-तीन दाबांनंतर कठीण होतो; म्हणून तो सोडून पुन्हां पुन्हां दाबूं नये.

रांगेंत गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरण्याची संवय मात्र सोडावी. तिनें क्लचप्लेट तापून झिजते, जळका वास येतो, व खर्च अखेर मालाच्या पट्टींतूनच जातो. थांबावयाचें तर हातब्रेकवर थांबावें. पुढील गाडीही घसरूं शकते, यास्तव तिच्या मागें पुरेसें अंतर राखावें. माल दोरांनीं आवळून बांधावा. चढावर तो मागें सरकतो. कित्येक नव्या गाड्यांत ब्रेक क्षणभर आपोआप धरून ठेवण्याची सोय असते. परंतु ती दोन-तीन सेकंदांचीच, हें विसरूं नये.

आमची सूचना एवढीच कीं, घरांतील जो कोणी गाडी हांकतो त्यानें हंगामापूर्वीं, रिकाम्या गाडीवर, रहदारी नसलेल्या लहानशा चढावर ही कृति हातापायांत बसेपर्यंत करावी; नंतर अर्धा माल घालून करावी. मालाची पट्टी दोन तास उशिरा मिळाली तरी चालेल. गेलेला जीव कोणत्याही बाजारीं मिळत नाहीं.