आधी मोजा, मग बदला

जुनी गाडी सुरू झाली नाही की पहिला आळ बॅटरीवर येतो. पण बंद गाडीत १२.६ व्होल्ट दाखवणारी बॅटरी चार्ज असते. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली कोसळला, तरच ती बहुधा थकलेली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळत नसतील, तर अल्टरनेटर, बेल्ट आणि वायरिंग तपासावे.

अनुभवी मेकॅनिक आवाजावरून दोष ओळखतो, हे खरे. पण सेल्फ मारल्यावर येणारा नुसता ‘टक्’ हा कमजोर बॅटरी, गंजलेले टर्मिनल, सैल अर्थिंग किंवा बिघडलेला स्टार्टर, यांपैकी कशाचाही असू शकतो. कान संशय सुचवतो, निकाल मल्टिमीटर देतो. मोजल्याशिवाय नवा पार्ट घेऊ नका.