रेडिएटरच्या टोपीवरची चकती शोभेची नाही

जयपूरला राजपुताना ऑटोमोटिव्ह स्पोर्ट्‌स कार क्लबची व्हिंटेज रॅली भरते, तेव्हा १९२०च्या आगेमागे बनलेल्या एखाद्या अमेरिकन गाडीच्या नाकाकडे जरूर बघा. रेडिएटरच्या टोपीवर काचेची गोल चकती उभी दिसेल. लोक तिला शोभेची समजतात. खरं तर तो थर्मामीटर आहे. न्यूयॉर्कच्या बॉइस कंपनीचं हे ‘मोटोमीटर’. रेडिएटरमधल्या पाण्यावर साठलेली वाफ तापली की चकतीतली लाल रेघ वर चढते आणि ड्रायव्हरला ती बसल्या जागेवरून दिसते.

‘कंपनीने न दिलेलं मीटर म्हणजे भेसळ’ हा समजही इथेच गळून पडतो. फोर्डच्या मॉडेल टीला तापमानाचा काटा नव्हताच. मालक तो दुकानातून आणून बसवत. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या हॉट रॉडवाल्या पोरांनी स्टुअर्ट-वॉर्नरचे काटे आणि लष्कराने मोडीत काढलेल्या विमानांतली मीटरं डॅशबोर्डवर चढवली. त्या काळात, त्या काळचंच बसवलेलं मीटर हा गाडीच्या इतिहासाचा भाग आहे. माझ्या मते ते काढून टाकणं म्हणजेच नुकसान.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज ऑइलच्या काट्याचा. ‘काटा वर आहे, म्हणजे ऑइल भरपूर आहे.’ नाही! तो दाब दाखवतो, पातळी नव्हे. पातळी बघायची तर बोनेट उघडून डिपस्टिकच ओढायला हवी. जुन्या यांत्रिक मीटरमध्ये इंजिनचं ऑइल बारीक तांब्याच्या नळीतून थेट डॅशबोर्डच्या मागे येतं. तिथे धनुष्यासारखी वाकवलेली एक चपटी, पोकळ नळी असते. दाब वाढला की ती किंचित सरळ होते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा सरकतो. ही युक्ती फ्रान्सच्या यूजीन बूर्दोंची, १८४९ सालची. म्हणून ती तांब्याची नळी घासली, चिरली तर नाही ना, हे दरवर्षी बघा; फुटली तर गरम ऑइल थेट पायांवर येतं.

ॲमीटरचा काटा मधोमध थांबला की ‘मीटर मेलं’ म्हणून ते बदलतात. बॅटरी भरलेली असली की काटा तिथेच थांबायला हवा. गाडी बंद ठेवून हेडलाइट लावा. काटा उणेकडे कलला तर मीटर ठणठणीत आहे. स्टार्टर सोडला तर गाडीची जवळजवळ सगळी वीज या मीटरमधून जाते. त्यामुळे त्याच दोन वायरींवर व्होल्टमीटर जोडलं, तर पुरवठाच तुटतो.

तापमानाच्या काट्याची लांब, केसासारखी नळी कापून आखूड करू नका. आतला द्रव गेला की मीटर संपलं. जास्तीची नळी वेटोळं करून बांधून ठेवा.

राहिली कायद्याची भीती. ‘वेगळं मीटर बसवलं तर व्हिंटेज नोंदणी जाते’ असं सर्रास ऐकू येतं. केंद्र सरकारच्या जुलै २०२१च्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. अट मूळ रूपाची आहे, आणि नियम ज्या बदलांची नावं घेतो ते चॅसी, बॉडी आणि इंजिनमधले. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. डॅशबोर्डवरच्या काट्यांचा त्या यादीत उल्लेख नाही.